गांगुर्डे मॅडमची चौथी फेरी

रक्ताची पिशवी मांडीवर धरून मी रिक्षातून दवाखान्यात परत येत होतो. पिशवी थंडगार होती. ती छातीशी धरायची की अंगापासून लांब, तेही मला कळत नव्हतं. सिग्नलला रिक्षा थांबली आणि फोन वाजला. सागरचा होता. "काका," तो म्हणाला, "मॅडम गेल्या." आणि मग, "तुम्ही मागच्या दाराने या, पुढे…" एवढ्यात काच फुटल्याचा आवाज आला. फोन बंद झाला नाही, हातातून सुटून कुठेतरी पडला असावा, कारण पुढचं सगळं मला ऐकू येत होतं. लोखंड लाकडावर आदळत होतं, बाया किंचाळत होत्या, कोणीतरी "धरा रे त्याला" म्हणत होतं, आणि एक जाड, फाटलेला आवाज पुन्हापुन्हा म्हणत होता, "माझी बहीण दे! कागद नको दाखवू, बहीण दे!" मग मऊ आवाज सुरू झाले. अंगावर पडणाऱ्या माराचा आवाज मऊ असतो. मी ज्या घरात वाढलो तिथे तो मला भिंतीपलीकडूनही ओळखू यायचा. सागरचा आवाज मात्र कुठेच नव्हता. मॅडम गेल्याचं ऐकून मी रडायला हवं होतं, पण मी कानाला फोन दाबून एकाच गोष्टीची वाट बघत होतो… हा पोरगा उलट मारतो की काय?

मी असा का वागलो, हे सांगायचं तर मॅडम कोण होत्या ते आधी सांगायला हवं. सुनंदा गांगुर्डे मॅडम नाशिकमधल्या एका कॉलेजात मुलांना नोकरीसाठी तयार करायचं काम बघायच्या. पदवी घेऊन बाहेर पडणारं पोरगं कामावर टिकेल का, हे त्या मोजायच्या, आणि टिकणार नसेल तर त्याला टिकायला शिकवायच्या. मी तिथला शिपाई, विलास मडावी. गाव माझं चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीच्याही पलीकडे. आठवीतच शाळा सुटली, म्हणजे बापाने सोडवली. एके दिवशी त्याने बांबूने माझ्या कानावर असं मारलं की डाव्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी मास्तर काय शिकवतात तेच कळेना, तिसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. पुढे एका मुकादमाबरोबर द्राक्षं पॅक करायला नाशिकला आलो, ते इथलाच झालो. अशा माणसाने वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं का, याची मला धास्ती वाटते. पण मॅडमबद्दल लिहिणारे सगळे त्यांच्या पदव्या लिहितील, आणि त्यांनी खरं काय केलं ते माझ्या नाकाच्या मोडलेल्या हाडाला माहीत आहे.

मॅडमनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एजन्सीतर्फे कॉलेजच्या गेटवर वॉचमन होतो. एका मुलाला मारायला बाहेरची टोळी आली होती, हातात हॉकी स्टिका, एकाकडे सायकलची चेन. त्यांनी मुलाला गाडीवरून ओढून खाली पाडलं, आणि चेनचा पहिला फटका त्याच्या पाठीवर बसला तशी माझ्या पोटातून एक आरोळी निघाली. काय बोललो ते आठवत नाही. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या, कॅन्टीनमधली भांडी थांबली, आणि ती पोरं चेन टाकून पळाली. त्यानंतर मी गेट लावायला गेलो, तर हात इतके थरथरत होते की कडी बसेना. एक बाई शांतपणे आल्या, कडी लावली आणि म्हणाल्या, "हा आवाज कुठून आणलास?"

"बापाचा हाय मॅडम," मी म्हणालो.

"आणि हे थरथरणं?"

"आईचं."

त्या हसल्या नाहीत. माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "मला दोन्ही पाहिजेत. उद्या वर ये."

तेव्हा त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. कॉलेजात मुलांच्या तीन फेऱ्या व्हायच्या… लेखी परीक्षा, गटचर्चा, मुलाखत. या तिन्हींत चमकलेली पोरं अंबड-सातपूरच्या, सिन्नरच्या कारखान्यांत, दवाखान्यांत लागायची, फोटो निघायचे, पेढे व्हायचे. इतर कॉलेजांचं काम तिथे संपायचं. मॅडमचं तिथे सुरू व्हायचं. तीन महिन्यांनी आणि वर्षाने त्या प्रत्येकाला स्वतः फोन करायच्या, आणि कळायचं की लेखीत पहिली आलेली मुलगी परत गावी गेली आहे, गटचर्चेत सगळ्यांना गप्प बसवणारा मुलगा घरातून बाहेर पडत नाही. काम जमलं नाही असं कोणीच म्हणायचं नाही. खोदून विचारलं की निघायचं : ट्रक ड्रायव्हरने गचांडी धरली, सुपरवायझरने सगळ्यांसमोर फाईल तोंडावर मारली, पेशंटच्या नातेवाइकाने कानाखाली दिली. कोणी मार खाऊन मुकाट घरी आलं होतं, कोणी उलटा हात उचलून हाकललं गेलं होतं. "पंधरा वर्षं शिकवतो आपण ह्यांना," मॅडम म्हणायच्या, "आणि समोरचा माणूस पेटला तर काय करायचं, याचा एक तास नाही."

म्हणून त्यांनी चौथी फेरी काढली, आणि त्या फेरीत पेटणारा माणूस म्हणजे मी. मुलाला टेबलामागे बसवायचं. मी दार लाथेने उघडून आत यायचो. कधी मी माल अडकलेला ड्रायव्हर, कधी कांदा सडलेला शेतकरी, कधी ज्याचं माणूस आत मरतंय असा नातेवाईक. टेबलावर मुठी आपटायच्या, खुर्ची उलथवायची, कागद फाडायचे, कॉलर धरायची. आई-बहीण आणि जात या दोन गोष्टी तोंडातून काढायच्या नाहीत, बाकी सगळं मोकळं. फेरीचे दोन भाग असायचे. पहिला भाग हातांचा… समोरच्याचे हात काय करतात, त्याने मारलं का, तो पळाला का, थिजला का, की मधल्या कल्लोळात त्याने माझी अडचण काय आहे ते ऐकलं. दुसऱ्या भागाला मॅडम नुसतं 'वाक्य' म्हणायच्या. मी शांत झालो की त्या मुलाने माझ्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता, मी त्याच्याशी जे केलं ते चालणार नाही, हे आपल्या शब्दांत सांगायचं. निम्मे गुण त्या वाक्याला. फेरी झाली की मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुवायचो, परत आत यायचो, आपलं नाव सांगायचो आणि त्या मुलाबरोबर चहा प्यायचो. हा मॅडमचा नियम होता. नाहीतर, त्या म्हणायच्या, हे पोरगं तुला घरी घेऊन जाईल.

सुरुवातीला मी फार घाबरायचो. पोरांना नाही, स्वतःला. आवाज निघाला की मला आमच्या घरातली चूल दिसायची, बाप दिसायचा, आणि वाटायचं हा आता माझ्या अंगातून उठून बसेल आणि परत जाणार नाही. मुलांनी मला 'भडकाकाका' नाव ठेवलं. जिन्यात भेटली की, "काका, आज कोणाला खाणार?" मी म्हणायचो, "तुले नाही खात, तू लय कडू हायेस." गावाकडून आईचा फोन आला की ती विचारायची, "काम काय करतं बाबू?" मी सांगायचो, "ओरडतो." ती म्हणायची, "तुया मॅडमले सांग, पोराले जास्त ओरडाले लावू नको, घसा बसते." मॅडमना ते सांगितलं तर दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खडीसाखरेची पुडी आली. एजन्सीकडून सोडवून कॉलेजात मला कायम करण्यासाठी त्या प्राचार्यांशी किती वेळा भांडल्या, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी पाया पडायला वाकलो तर खांद्याला धरून उभं केलं. "वाकायचं नाही. तुझ्यामुळे पोरं उभी राहायला शिकतात, आणि तू वाकतोस?"

सगळ्यांना ही फेरी आवडत नव्हती. स्टाफरूममध्ये एक सर त्यांना म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही रोजगारक्षमता मोजता की सोशिकपणा? मार खायला शिकवता पोरांना." मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी खोलीत खुर्च्या सरळ करताना मला म्हणाल्या, "त्यांचं निम्मं खरं आहे. म्हणून तर वाक्य." आणि मग, कधी न बोललेलं बोलल्या. कॉलेजात येण्याआधी त्या एका फायनान्स कंपनीच्या काउंटरवर होत्या. एका माणसाने रांगेसमोर त्यांना थोबाडीत मारली होती. चष्मा फुटून काच गालात गेली होती. "मी हात उचलला नाही, रडले नाही, त्याचं कामसुद्धा करून दिलं. मॅनेजर म्हणाला, शाब्बास, काय पेशन्स आहे! आणि मग वर्षभर मला दुकानात जाऊन साखर द्या म्हणता येत नव्हतं. वाक्य आत राहिलं ना, विलास… ते आत राहिलं की सडतं."

उलट कंपन्यांना पहिलाच भाग हवा असायचा. सिन्नरच्या एका कारखान्याचे साहेब आले होते, पाय पसरून बसले आणि म्हणाले, "मॅडम, ते वाक्य-बिक्य गाळा. आम्हाला बोलणारा नको, ऐकणारा द्या." मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "विलास, साहेबांना चौथी फेरी दाखव." मी बाहेर गेलो, दाराला लाथ घातली आणि आत आलो. साहेबांच्या हातातला चहा शर्टावर गेला. मी त्यांची बॅग उचलून भिंतीवर फेकली तसे ते लालभडक होऊन उठले, "ए, समजतो काय स्वतःला? तुला आत्ता काढायला लावतो नोकरीवरून!" आणि दार आपटून निघून गेले. बॅग मागे राहिली. मॅडम म्हणाल्या, "हात ठीक होते. वाक्य अगदीच वाईट." त्या कंपनीने पुढे आमची मुलं घेतली नाहीत. मॅडमनी बॅग कुरिअरने पाठवली.

सागर आहेर आला तो असा. नांदगावचा पोरगा, बी.एस्सी. झालेला, अंगाने काटक, लेखीत उत्तम. घरी म्हातारी आई, धाकटी बहीण, आणि ह्याच्या नोकरीवर सगळं टांगलेलं. त्या दिवशी मी मरणाऱ्या पेशंटचा नातेवाईक होतो. मी टेबल ढकललं, त्याची कॉलर धरली, आणि ओरडलो, "तुला कोणी मेलेलं माहीत आहे का कधी? बघितलंय का मरताना?" मला माहीत नव्हतं की त्याचा बाप दवाखान्याच्या ओसरीत, कोणी दाद न देता गेला होता. त्याने मला मानेला धरलं आणि माझं तोंड टेबलाच्या कडेवर आदळलं. एकदा नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज डोक्याच्या आतून येतो, ओलं लाकूड मोडावं तसा. रक्त टेबलावर, गुणांच्या कागदावर, त्याच्या नव्या शर्टावर. तो मला परत आपटणार, तेवढ्यात मॅडम मध्ये घुसल्या, आणि त्याच्या कोपराचा दणका त्यांच्या जबड्यावर बसला. त्या पडल्या नाहीत. ओढणी काढून माझ्या नाकावर दाबली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "सागर, बस. काय व्हयनं?" त्या नामपूरच्या, घाबरल्या की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. सागर भिंतीला टेकून खाली सरकला आणि ढसाढसा रडायला लागला. मॅडमनी तशाच रक्ताळलेल्या हाताने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "हात, शून्य. वाक्य, शून्य. मान्य?" तो मान हलवत होता. "तोंडाने सांग." "मान्य."

प्राचार्य सागरला पोलिसात देणार होते. मॅडम दवाखान्यात माझ्या खाटेशी आल्या, जबडा सुजलेला, नीट बोलता येत नव्हतं. "तक्रार द्यायची तर दे. तुझा हक्क आहे, मी साक्ष देईन." मी म्हणालो नको. "भीतीने नको म्हणतोस की मनाने?" मला उत्तर येईना. त्या म्हणाल्या, "मग उत्तर येईपर्यंत मी थांबते," आणि खरंच रोज येऊन बसायच्या, काही न विचारता. शेवटी मी सांगितलं, "मॅडम, त्याने मारलं तेव्हा मला त्याच्यात माझा बाप नाही दिसला. मी दिसलो. मी बापाला असंच मारणार होतो, म्हणून घर सोडलं. ह्याला शिकवा." मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. तिथे काय ठरलं ते साऱ्या कॉलेजला कळलं : सागरने पुन्हा कोणावर हात उचलला तर चौथी फेरी बंद आणि मॅडमचा राजीनामा. लोक म्हणाले, एका गुंडासाठी बाईने आपली मान फासात दिली.

मग महिनोन्‌महिने आम्ही तिघं त्या खोलीत. नाक जुळल्यावर मीच दार लाथाडून आत यायचो. एकदा तो दारातूनच पळाला. एकदा त्याने स्वतःच्याच मांडीवर इतक्या बुक्क्या मारल्या की लंगडत गेला. एकदा दगडासारखा बसून राहिला. मॅडम काही लपवायच्या नाहीत, जे झालं ते लिहायच्या, वाचायच्या, मान्य करून घ्यायच्या. मग एक दिवस आला की मी त्याची कॉलर धरली, गदागदा हलवलं, तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडलो, आणि तो म्हणाला, "काका, तुमचं माणूस कोणत्या वॉर्डात आहे?" त्याचे हात टेबलावर उघडे होते, तळवे वर. मी ओरडायचाच थांबलो. पण वाक्य काही येईना. ओठ हलायचे आणि डोळे भरायचे. मॅडमनी लिहिलं, "हात, पूर्ण. वाक्य, बाकी." तेवढ्यावर त्याला एका मोठ्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर लावला. तिथल्या मॅनेजरसमोर सगळे कागद ठेवले, शून्याचा रक्ताचा डाग पडलेलासुद्धा. मॅनेजर म्हणाला, "हा कशाला दाखवता?" मॅडम म्हणाल्या, "कुठून निघाला ते माहीत नसेल तर कुठे पोचला ते कसं कळणार?"

तिथे तो टिकला. तीन महिन्यांचा फोन झाला, वर्षाचा झाला. मॅडम फोन ठेवून दर वेळी विचारायच्या, "कोणी अंगावर आलं का रे त्याच्या?" आणि मी म्हणायचो, "आलं असेल." पण खरी आच अजून लागली नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी मॅडम वर्गातून येताना जिन्यात कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. मी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि सागर होता त्या दवाखान्यात नेलं, कारण दुसरं कोणी मला ठाऊक नव्हतं. नामपूरहून त्यांचे थोरले भाऊ नाना निघाले. कांद्याच्या बाजारात गोण्या उचलून त्यांनी ह्या बहिणीला शिकवलं होतं, तिच्यासाठी लग्न उशिरा केलं होतं. ते पोचले तेव्हा मी रक्त आणायला गेलो होतो. सागरने दिलेला ऑपरेशनच्या सहीचा कागद हातात घेऊन ते उभे असतानाच वरून मॅडम गेल्याचा निरोप आला.

मी मागच्या दाराने नाही गेलो. पुढूनच गेलो. काचेच्या चुऱ्यावरून चपला करकरत होत्या. नानांच्या हातात रांग लावायचा स्टीलचा खांब होता, दोन गार्ड त्यांच्या कमरेला लोंबकळत होते आणि ते दोघांना ओढत पुढे सरकत होते. टोकनचं मशीन फुटून वायरी बाहेर आल्या होत्या. सागर भिंतीशी उभा होता, कानाच्या वरची कातडी फाटून मान, शर्ट, सगळं लाल. मी जाऊन नानांना मागून मिठी मारली. ओरडून पोट भरणारा माणूस मी, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून 'नाना' एवढंसुद्धा निघालं नाही. आणि खांब पुन्हा वर गेला तेव्हा मी सागरचे हात बघितले. ते त्याने पाठीमागे बांधले होते, एका हाताने दुसऱ्याचं मनगट गच्च धरलेलं, नखं कातडीत रुतलेली. तो म्हणाला, "नाना, त्या वर आहेत. तिसऱ्या मजल्यावर. एकट्याच आहेत… चला, मी नेतो." खांब नानांच्या हातातून खाली पडला. डोक्यातून रक्त गळत असलेला तो पोरगा त्यांना आधार देऊन लिफ्टपर्यंत घेऊन गेला. मीही मागोमाग वर गेलो. त्यांना मॅडमजवळ सोडून तो बाहेर आला, माझ्याजवळ जमिनीवर बसला. माझ्या हातात अजून ती पिशवी होती. "काका," तो म्हणाला, "वाक्य राहिलं."

पुढे पोलीस आले. कॉलेजात, मॅडमच्या वस्तीत, सगळे सागरला सांगत होते : तक्रार देऊ नको, त्यांचा भाऊ आहे, दुःखात हात उठला. मीही तेच सांगितलं. त्याने तक्रार दिली. सगळं जसं झालं तसं, कमी नाही, जास्त नाही. नानांना आत बसावं लागलं. नामपूरमध्ये लोक त्याचं नाव घेऊन थुंकायला लागले, त्याला फोनवर धमक्या आल्या, तंगड्या तोडू, येऊन दाखव. नानांना जामीन मिळेपर्यंत घरच्यांनी मॅडमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम लांबवला होता. त्या दिवशी आम्ही कॉलेजचे लोक गाडी करून नामपूरला गेलो. मांडवात पांढरे कपडे, मेणबत्त्या, पंचशील चालू होतं, आणि मांडवाच्या तोंडाशी कुजबूज झाली. डोक्याला पट्टी बांधलेला सागर एकटाच एसटीने आला होता.

दोन-तीन पोरं उठलीच. एकाने त्याच्या छातीवर हात ठेवून ढकललं. "कोणाच्या घरी आलास माहिते का? ज्याला आत टाकलं त्याच्या घरी. नीघ, नायतर ती पट्टी पायाला बांधायला लागेल." कोणीतरी मागून चप्पल फेकली, ती त्याच्या खांद्यावर लागून पडली. सागर सरळ नानांसमोर गेला. नाना सतरंजीवर मांडी घालून बसले होते, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तो उभाच राहिला, हात मोकळे, आणि बोलला. आवाज कापत होता, पण चढला नाही. "नाना, मी तुम्हाला त्यांच्याकडे नेणार होतो. तुम्ही मला मारायला नको होतं. तक्रार मी दिली, ती मागे घेणार नाही. पण मॅडम माझ्याही होत्या. मला इथे बसायचं आहे."

पंचशील म्हणणारे थांबले. नाना उठले. मोठा माणूस, उठताना सावली आमच्या अंगावरून गेली. आजूबाजूची पोरं वाट मोकळी करत होती, मारायला जागा करतात तशी. नाना त्याच्या पट्टीकडे बघत राहिले. "मनी बहीन गयी रे, भाऊ…" ते म्हणाले. सागर म्हणाला, "हो. तरी." नानांचा जबडा हलत होता. मग ते बाजूला सरकले, सतरंजीवर आपली जागा हाताने झाडली आणि म्हणाले, "बस."

तो बसला. नाना त्याच्या शेजारी बसले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. खटला चालू आहे, दोघंही तारखांना जातात. गुण द्यायला मॅडम नव्हत्या, आणि ते काम माझं नाही.

चौथी फेरी बंद झाली नाही. प्राचार्यांनीच सांगितलं, चालू ठेवा. आता एक तरुण सर ती घेतात, टेबलाच्या एका बाजूला लॅपटॉप घेऊन बसतात. चांगले आहेत. मॅडम मात्र माझ्या पाठीमागे बसायच्या, खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर. मुलाला वाटायचं त्या त्याला बघतायत, पण त्या माझे हात बघायच्या. मी बेभान होऊन ओरडत असलो आणि माझी मूठ खरीच वळली, की त्या पायाने फरशीवर हलकेच ठोकायच्या, एवढं हलकं की माझ्या उजव्या कानालाच कळावं. मी मूठ सोडायचो आणि ओरडत राहायचो. परवा एका मुलीवर ओरडताना मूठ वळली. मला जाणवलं, आणि मी थांबलो… ओरडायचा नाही, आतून थांबलो, कान मागे लावून. स्टूल तिथेच आहे, त्यावर आता कोणीतरी झेरॉक्सचे गठ्ठे ठेवलेत. खिडकीबाहेर पोरं गाड्या सुरू करत होती. मी बोटं एकेक करून उघडली, आणि त्या मुलीवर पुन्हा ओरडायला लागलो.